सोळा महिन्यांच्या मुलीला जुलाब: ओआरएस नेमकं किती आणि कसं द्यायचं?

ओंजळ
मुलगी १६ महिन्यांची, वजन ९.५ किलो. कालपासून पाण्यासारखी पातळ शी होतेय, दिवसात सात-आठ वेळा. आज सकाळी दोन उलट्या झाल्या. अंग कोमट आहे, शीमध्ये रक्त नाही. अंगावरचं दूध पितेय, पण जेवणाकडे बघत नाही. डॉक्टरांनी तपासून फक्त ओआरएस आणि झिंक लिहून दिलंय.

आता अडचणी अशा. पुडी १ लिटरची आहे, एवढं पाणी एवढंसं मूल पिणार कसं? अर्धी पुडी अर्ध्या लिटरमध्ये चालेल का? वाटीने पाजलं की पाच मिनिटांत सगळं बाहेर. झिंक १४ दिवस लिहिलंय, जुलाब दोन दिवसांत थांबले तरी चालू ठेवायचं का? घरात मोठी माणसं म्हणतात दात येताहेत म्हणून होतंय, पोटाला आराम द्या, दूध-भात बंद करा. जाणकारांनी कृपया नीट सांगावं.

पाळणा_दोरी
आधी पुडीचं. अर्धी पुडी अजिबात करू नका. आतली पूड म्हणजे मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट यांचं मिश्रण. डोळ्यांनी अर्धी केलेली पुडी कधीच बरोबर अर्धी नसते, आणि एका अर्ध्यात मीठ जास्त, दुसऱ्यात साखर जास्त असंही होतं. अख्खी पुडी, अख्खं १ लिटर. लिटर मोजायला पाण्याची सीलबंद मिळणारी १ लिटरची बाटली सगळ्यात खात्रीची, कारण स्टीलचा पेला कुणाकडे २०० मिलीचा असतो तर कुणाकडे ३०० चा. कमी लागत असेल तर २०० मिलीच्या छोट्या पुड्या मिळतात, त्या आणा.

पाणी आधी उकळून गार करा, मग पूड घाला. पूड घातल्यावर उकळू नका. दूध, सरबत, रस यात कालवू नका आणि गोड लागावं म्हणून वरून साखर तर मुळीच नको. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पाणी कमी घातलं तर रक्तातलं मीठ वाढतं, तेही लहान मुलाला धोक्याचं. केलेलं पाणी झाकून ठेवा. २४ तासांनी उरलं तर ओतून द्या, नवं करा. पुडी वाया गेली म्हणून हळहळू नका.

आता किती. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली. तुमच्याकडे आठ वेळा होतेय, म्हणजे दिवसभरात ४०० ते ८०० मिली. लिटर काही फार नाही, बघा.

ओकते त्याचं कारण बहुतेक वेळा वेग असतो. तहानलेलं मूल वाटी तोंडाला लागली की घटाघटा पितं, पोट ताणलं जातं आणि सगळं उलटतं. वाटी बाजूला ठेवा. उलटी झाली की १० मिनिटं काही देऊ नका. मग चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, दर दोन मिनिटांनी एक. घड्याळ समोर ठेवा. हिशेब केला तर तासाला १५० मिली पोटात जातं, आणि तेवढं टिकतं. चमचा ढकलून देत असेल तर बिनसुईची ५ मिलीची सिरिंज घ्या. जिभेवर सरळ पिचकारी मारू नका, ठसका लागतो. गालाच्या आतल्या बाजूला टेकवून थोडं थोडं सोडा, मूल बसतं किंवा अर्धवट उठवलेलं असू द्या. बाटलीला रबरी निपल लावून पाजू नका, ती नीट धुतली जात नाही आणि जंतूंचं घर तिथेच होतं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा: ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. ते गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. "दोन दिवस पाजलं, फरक नाही" म्हणून लोक बंद करतात आणि तिथेच मूल सुकतं. आतड्याची भिंत जुलाबातही ग्लुकोज आणि मीठ एकत्र आत घेऊ शकते, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. सगळी किमया एवढीच. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपायला आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच पाणी पिंपात कालवून पटकीच्या (कॉलराच्या) रोग्यांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं.

गोळी_पुडी
औषधाच्या दुकानाच्या या बाजूने थोडं सांगतो.

पुडीच्या मागे प्रमाण वाचा. १ लिटरसाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे आकडे दिसले की ते जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं आहे. रंगीत खोक्यातली फळांच्या चवीची तयार पेयं त्याच्या जागी घेऊ नका. त्यात साखर कितीतरी जास्त आणि मीठ फार कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशातल्या अन्नसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला बंदी केली ती यासाठीच. नुसती ग्लुकोज पावडरही ओआरएस नाही, तिच्यात मीठच नसतं. शहाळ्याचं पाणी वरचेवर द्यायला हरकत नाही, पण त्यात सोडियम कमी, म्हणून ओआरएसची जागा ते घेत नाही.

झिंक: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, दोघांनाही पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस. आतड्याची खरवडलेली भिंत भरून यायला ते लागतं, आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा उद्भवण्याचं प्रमाणही त्याने कमी होतं. लोक इथेच सोडतात, पाकिटात नऊ गोळ्या तशाच राहतात. विरघळणारी गोळी असेल तर चमचाभर पाण्यात किंवा काढलेल्या अंगावरच्या दुधात ठेवा, मिनिटभरात विरते, मग पाजा. चव धातूसारखी लागते, म्हणून अगदी रिकाम्या पोटी देऊ नका. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक गोळी द्या. सिरप असेल तर बाटलीवर 'दर ५ मिलीत एलिमेंटल झिंक (म्हणजे नुसतं झिंक) किती मिलिग्रॅम' ते वाचा आणि त्याप्रमाणे मोजा. सगळ्या कंपन्यांचं प्रमाण सारखं नसतं, आणि थेंबांची बाटली तर कितीतरी तीव्र असते.

मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी (लोपरामाइड) मुलाला कधीही नको, आतड्याची हालचालच बंद पडू शकते, पोट फुगतं. अँटिबायोटिक पाणचट जुलाबात सहसा उपयोगाचं नाही. बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. शीमध्ये रक्त असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर ठरवतील. तुमच्या डॉक्टरांनी दोनच औषधं लिहिली हे योग्यच आहे, चिठ्ठी छोटी म्हणून मन खट्टू करू नका.

ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

मऊभात
जेवण बंद करू नका, अंगावरचं दूध तर मुळीच नाही. उपाशी ठेवलं तर आतड्याची भिंत भरून यायला उलट वेळ लागतो, आणि या वयात उपासाने वजन घसरतं ते परत यायला बराच वेळ जातो. दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा.

भातात एकास एक मूगडाळ घालून नेहमीपेक्षा दोन शिट्या जास्त घ्या, घोटून मऊ करा, वरून छोटा चमचा तूप किंवा तेल. फक्त तांदळाच्या पेजेवर ठेवू नका, पेज पातळ असते, तिने पोट भरतं पण ताकद येत नाही. पिकलं केळं कुस्करून, ताजं दही, साबुदाण्याऐवजी रव्याची मऊ खीर थोड्याच साखरेची. एका वेळी दोन-चार घास, दिवसात सहा वेळा. खाल्लं नाही तर हट्ट नको, अर्ध्या तासाने पुन्हा पुढे करा. बरं वाटल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

आणि दातांचं: दात येताना लाळ गळते, मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्यातून जंतू पोटात जातात. जुलाब दातांमुळे नव्हे, त्या घाणीमुळे. दाताचे म्हणून सोडून दिलेले जुलाबही मुलाला तेवढेच सुकवतात.

ओंजळ
खूप आभार. चमच्याने दर दोन मिनिटांनी दिलं, उलटी थांबली. पण मुलीला डायपर लावतोय, त्यामुळे लघवी झाली की नाही कळतच नाही. पाणी कमी पडतंय हे ओळखायचं कसं?

पाळणा_दोरी
डायपर पातळ शी आणि लघवी दोन्ही शोषून घेतो, म्हणून फसवतो. दोन उपाय. एक, दिवसा सुती लंगोट बांधा, लघवी स्पष्ट दिसते. दुसरा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या: कोरा डायपर आधी तोला, भरलेला नंतर तोला. फरक १०० ग्रॅम आला तर जवळपास १०० मिली पाणी बाहेर गेलं. तेवढं तरी आत जायला हवं, अधिक रोजची तहान.

दर दोन-तीन तासांनी हे बघा. डोळे खोल गेलेत का. रडताना पाणी येतं का. तोंड, जीभ ओली आहे का, की बोट लावल्यावर चिकट लागते. मग पोटाच्या बाजूला, बेंबी आणि कुस यांच्या मधोमध, कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट व्हायला हवी. हळू बसली तर पाणी कमी आहे, दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घडी तशीच राहिली तर फार कमी आहे. मुलगी चिडचिडी असेल आणि चमचा दिसताच झडप घालत असेल तर ती तहानलेली आहे, हेही पाणी कमी झाल्याचंच लक्षण. मग दवाखान्यात किलोला ७५ मिली या हिशेबाने चार तासांत ओआरएस पाजतात, म्हणजे तिच्या वजनाला साधारण ७०० मिली, आणि दर तासाला तपासतात. हे घरी एकट्याने करू नका.

मूल पेंगतंय, उठवलं तरी डोळे नीट उघडत नाही, चमचाभर पाणीही घेत नाही किंवा घेतलेलं सगळं ओकतं, सहा-आठ तास लघवी नाही, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, १०२ च्या वर ताप, पोट टम्म: यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय. मूल जागं असून गिळत असेल तर वाटेत ओआरएस देत राहा. आणि तीन दिवसांत बरं वाटलं नाही, किंवा जुलाब १४ दिवस चालले, तर पुन्हा दाखवा.

शेवगा
घरात ओआरएस संपलं आणि दुकान बंद असेल तर: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमच्यावर ढीग नको, सुरीने पुसून सपाट करा. चव अश्रूंइतकी खारट चालेल, त्याहून जास्त खारट लागलं तर ओतून द्या. यात पोटॅशियम नाही, म्हणून पुडी मिळेपर्यंतच.

शी काढल्यावर साबणाने हात २० सेकंद, आणि जेवण करण्याआधी पुन्हा. हे चुकलं की घरातलं दुसरं मूल चौथ्या दिवशी त्याच रांगेत. डायपरच्या जागी लाली आली असेल तर सुगंधी ओल्या पुसण्या थांबवा, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, मग झिंक ऑक्साइडचं मलम जाड थरात.

ओंजळ
जाऊबाईंचं बाळ पाच आठवड्यांचं आहे, त्याच घरात. त्याच्यासाठी काही?

पाळणा_दोरी
त्याला अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नाही. दोन्ही मुलांची भांडी आणि दुपटी वेगळी ठेवा. पुढच्या आठवड्यात सहा आठवडे पूर्ण होतील तेव्हा सरकारी लसीकरणातली रोटाव्हायरसची लस तोंडाने मिळते, पुढचे डोस १० आणि १४ आठवड्यांना. पहिला डोस एक वर्षाच्या आत झाला नाही तर ती लस मग देत नाहीत, म्हणून आजच लसीकरणाच्या कार्डावर तारीख लिहून ठेवा. आणि एवढ्या लहान बाळाला जुलाब झाले तर घरी वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.