गोदीचं सोनं की म्हाताऱ्याचं मौन: रहस्यकादंबरीनं नेमकं काय सोडवायचं?

देवगडवाला:
मित्रानं कादंबरी लिहिलीय, छापायची बाकी आहे. त्याच्या परवानगीनं इथे भांडण लावतोय. कथानक असं: 14 एप्रिल 1944, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटते. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या लगडी. देवगडकडचा एक गोदी कामगार त्यानंतर गावी येतो तो कायमचा, आणि लवकरच चिऱ्याचं घर बांधतो. गाव म्हणतं, याला लगड मिळाली. तो जन्मभर तोंड उघडत नाही. लग्नात फटाके वाजले की पडवीतून उठून माडांत जाऊन बसतो. पुढे नात शोध घेते आणि शेवटच्या प्रकरणात ट्रंकेत पत्र सापडतं: सोनं नव्हतंच. आगीत धाकट्या भावाला टाकून तो पळाला होता. घर उभं राहिलं ते बायकोचे दागिने मोडून.

माझं मत, ते पत्र काढावं. सोन्याचं कोडं सोडवा, माणसाचं नको. जो बायकामुलांशी कधी धड बोलला नाही, तो चार पानी कबुलीजबाब लिहून ठेवील?

पानपलट्या:
साफ नामंजूर. तीनशे पानं वाचकाला पळवायचं आणि शेवटी 'मौनाचा आदर करा' म्हणायचं? मग रहस्यकथा लिहूच नका. पत्र बनावट वाटतंय ना, दुसरी वाट काढा. पण उत्तर द्या. युद्धाचा आघात हे न लिहिलेल्या प्रकरणाचं निमित्त होऊ नये.

चिंचोका:
सोन्याचं कोडं तरी कुठे धड आहे? एक लगड बारा किलोच्या वर. धोतरात बांधून गावी नेली समजा, मोडली कुणाकडे? देवगडच्या सोनाराकडे? त्या वेळी एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून लगड पडली होती, त्यांनी ती परत केली. हे खरं घडलेलं प्रकरण कथेपेक्षा सुरस आहे.

शिवडीकर:
पानपलट्यांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. ही घटनाच दडपलेली होती. अख्ख्या शहरानं धूर पाहिला, तरी सेन्सॉरमुळे इथल्या वर्तमानपत्रांना ती लगेच छापता आली नाही. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली. धोक्याच्या मालाचा लाल बावटा बोटीवर नव्हता. धूर दुपारी दोनच्या सुमारास दिसला, पहिला स्फोट चारनंतर झाला. मधल्या दोन तासांत गोदी रिकामी केली नाही. 66 अग्निशमन जवान गेले, म्हणून आजही 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. आणि तुमचा मित्र दोष कुणाच्या माथी मारतो? एका हमालाच्या. 'मी पळालो' म्हणे! पळायला सांगायचं काम ज्यांचं होतं, ते कादंबरीत आहेत का?

देवगडवाला:
नाहीत. हे त्याला सांगतो. पण हे सगळं त्या माणसाला समजावलं असतं तरी त्याची झोप परत आली नसती. चौकशी अहवालानं असला सल जात नाही, म्हणून तर मी ते उघडं ठेवा म्हणतोय.

खाडीपलीकडची:
माका एक सांगा. आमचो आजो इटलीच्या लढाईतसून इलो. मराठा पलटणीत होतो. रात्रीचो उठान ओरडायचो. बाधा झाली म्हणान घाड्याक बोलवल्यानी, देवाक कौल लावल्यानी. पण आजयेक सगळा म्हायत होता, कोण मेलो, खय मेलो. कोणी तिका इचारल्यानच नाय. तुमच्या मित्राच्या पुस्तकात बायल खय आसा? दागिने मोडूक तेवढी दिसली!

पानपलट्या:
घ्या! ट्रंकेची गरजच संपली.

देवगडवाला:
थांबा हो. म्हणजे आता पत्राऐवजी आजी येऊन चार पानं बोलणार. त्यात काय सुधारलं?

पानपलट्या:
तिला साक्षीदार कशाला करता, संशयित करा. लगडीची अफवा उठवली कुणी? तिनंच. घरात सासू आहे, आणि ती त्या गेलेल्या धाकट्याचीही आई आहे. नवऱ्याला गावानं चोर म्हटलेलं परवडेल, पण 'भावाला टाकून आला' हे माजघरात पोचता कामा नये. नातीला अफवेचं मूळ सापडू दे, बस्स. तो स्वतः एक अक्षर बोलत नाही, म्हणजे तुमचंही राहिलं.

चिंचोका:
आणि दागिने? सासूच्या डोळ्यांसमोर अंगावरचं सोनं कमी होत गेलं, तिला कळलं नाही?

खाडीपलीकडची:
कळला आसतला. सासवो सगळा बघतत.

देवगडवाला:
मग सासूलाही माहीत होतं आणि तीही गप्प राहिली, असंच ना? मित्राला फोन करतो. बहुतेक शेवटची पन्नास पानं गेली त्याची.

शिवडीकर:
करा. आणि सांगा, सरकार या नव्या शेवटातही मोकळंच सुटलंय.