शब्दचर्चा : ‘चौकशी’, ‘बालक’, ‘प्रकरण’ आणि ‘पेशी’

प्रश्न (जालना) : जिल्हा बाल संरक्षण कक्षात नव्याने रुजू होणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका लिहीत आहे. बालकल्याण समितीच्या (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय देणाऱ्या जिल्ह्यातील समितीच्या) आदेशावरून मुलाच्या घरी जाऊन जो अहवाल करायचा, त्याला कागदपत्रांत ‘गृहचौकशी अहवाल’ आणि ‘सामाजिक तपासणी अहवाल’ अशी दोन्ही नावे आढळतात. यांपैकी कोणते वापरावे, आणि घरच्यांशी बोलताना कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर (बीड) : कागदावर ‘सामाजिक तपासणी अहवाल’ हेच नाव असावे, असे माझे ठाम मत आहे. ‘गृह’ या शब्दामुळे नवा कार्यकर्ता पत्र्याचे छत, चुलीची जागा आणि संडास आहे की नाही एवढे लिहून मोकळा होतो. शाळा, नातेवाईक, घरची कमाई, आजारपण आणि मुख्य म्हणजे मुलाचे स्वतःचे म्हणणे हे सारे बाहेर राहते. २०१५च्या बाल न्याय अधिनियमानुसार ही तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची असते, कारण तिच्या आधारे समितीला, मूल पहिल्यांदा तिच्यापुढे आल्यापासून चार महिन्यांच्या आत, अंतिम आदेश द्यायचा असतो. ते मूल घरी राहील, मामाकडे जाईल की बालगृहात, हे त्या पानांवर बऱ्याच अंशी ठरते.

उंबरठ्यावर मात्र ‘चौकशी’ आणि ‘तपासणी’ दोन्ही टाळावेत. ‘चौकशी’ हा मुळात वाईट शब्द नाही. “मावशी तुमची चौकशी करत होती” यात मायाच असते. पण “त्याच्यामागं चौकशी लागली” हाही आपल्याच बोलीतला प्रयोग आहे, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फाइल व गळ्यात ओळखपत्र असले की ऐकणाऱ्याला हा दुसराच अर्थ ऐकू येतो. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला गेले की घरी आजी आणि नातवंडे उरतात. अशाच एका घरी माझा सहकारी “चौकशीला आलोय” म्हणाला आणि आजीने नातीला पाठीमागे ओढून “लेकराला नेऊ नका, साहेब” एवढेच धरले. मी खाली बसून म्हटले, “लेकराची विचारपूस करायला आलोय, आजी, शाळेत जाते का, पोटभर जेवते का.” थोड्या वेळाने त्यांनी पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि शाळेचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड एकेक करून माझ्यासमोर मांडले. म्हणून ‘विचारपूस’ हा शब्द मी सुचवतो. तरीही आपण समितीच्या आदेशाने आलो आहोत आणि लिहिलेले समितीपुढे जाणार आहे, हे त्याच बैठकीत स्पष्ट सांगितलेच पाहिजे. मऊ शब्दाआड हेतू लपवला, तर त्या घरात पुन्हा कोणी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही.

पुरवणी (परभणी) : मार्गदर्शिकेत ‘बालक’ या शब्दावरही लिहावे, ही विनंती. कायद्यात १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे. बोलण्यात मात्र हा शब्द फार तर अंगणवाडीपर्यंत पोहोचतो. सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न थांबवायला गेल्यावर “बालक कुठंय, न्हातीधुती झाली की” हे उत्तर हमखास मिळते. त्यामागे व्यवहारही असतो : ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ‘कोयत्या’वर, म्हणजे बहुधा नवराबायकोच्या जोडीवर, मिळते आणि वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवण्याची आईबापांना धास्ती असते. त्या धास्तीची दखल न घेता कलम सांगितले तर कोणी ऐकत नाही. माझा अनुभव असा की ‘लेकरू’ हा शब्द इथे कामी येतो, कारण तो वयावर नव्हे, नात्यावर चालतो. तीस वर्षांच्या मुलालाही आई लेकरूच म्हणते. “अठराच्या आतलं लेकरू आहे, मावशी” म्हटल्यावर बोलणे पुढे सरकते. लग्नाचा तातडीचा धोका असलेली मुलगीही कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालकच ठरते, हे ग्रामसेवकांनाही समजावून सांगावे लागते. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात.

प्रश्नकर्ता (जालना) : दोघांचे आभार. ‘केस’ या शब्दाला ‘प्रकरण’ चालेल का?

उत्तर (बीड) : फाइलवर चालेल, गावात नाही. “तिचं प्रकरण आहे” याचा गावात काय अर्थ होतो, हे आपण जाणताच. ज्या मुलीवर अत्याचार झाला आहे, तिच्या बाबतीत तर हा शब्द क्रूर ठरतो. एसटीत किंवा चहाच्या टपरीवर मुलाचे नावही घेऊ नये; ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मनाई करते.

आणखी एक शब्द वगळावा, तो म्हणजे ‘पेशी’, कोर्टातल्या हजेरीसाठी वापरतात तो. “लेकराची पेशी कधी आहे?” असे पालक सर्रास विचारतात आणि आपणही तारीख सांगून मोकळे होतो. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत हे खरे, परंतु तिने उंच व्यासपीठावर बसू नये आणि तिच्यात व मुलात कठड्यासारखा अडसर नसावा, असे नियम सांगतात. ‘पेशी’ ऐकून आलेले मूल मात्र कठडाच शोधत असते. तेव्हा आदल्या दिवशीच त्याला सांगावे की अध्यक्ष आणि चार सदस्य असे लोक असतील, ते टेबलाच्या पलीकडे बसतील, तुला काय वाटते ते विचारतील, आणि उत्तर द्यायला वेळ लागला तरी चालेल.