धिंगरीच्या बेडवर हिरवी बुरशी: हरभऱ्याचं ट्रायकोडर्मा नडलं का?

नमस्कार मंडळी. वाशीमकडचा आहे, धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूम) ही दुसरीच बॅच. सोयाबीनच्या कुटाराचे (मळणीनंतरचा भुसा) ४० बेड, म्हणजे पिशव्या, भरले. कुटार निर्जंतुक करायला १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक), १२५ मिली फॉर्मेलिन, १८ तास भिजवण. सगळं प्रशिक्षणात सांगितलं तसंच. आठवडाभर पांढरी वाढ झकास. मग काही ठिकाणी जरा जास्तच पांढरं दिसायला लागलं, मला वाटलं धिंगरीच जोरात आहे. बाराव्या दिवशी तेच डाग हिरवेगार! २२ बेड गेले. बहुतेक डाग तळाशी आहेत.

आता खरी गोची. भिजवलेलं कुटार ज्या ताडपत्रीवर निथळायला टाकलं, तिच्यावरच चार दिवस आधी हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळली होती. ताडपत्री झटकली, धुतली नाही. मर रोगाच्या बुरशीवर तुटून पडावी म्हणून आपण ती आणतो. अळिंबीही बुरशीच, तिला कशाला सोडेल?

हेच कारण असेल का? डाग कापून बेड वाचतात का? वडील म्हणतात, खराब बेड हरभऱ्यात टाक, फुकटचं ट्रायकोडर्मा. (हसू नका, मी टाकणारच होतो.)

प्रतिसाद:
दादा, ताडपत्रीचा संशय रास्त आहे, पण सगळा आळ तिच्यावर घेऊ नका. हिरवी बुरशी कुटारात, हवेत असतेच. डाग तळाशी म्हणजे पाणी साचलंय. भरण्याआधी कुटार मुठीत दाबून बघितलं होतं का? तळवा ओलसर व्हावा, थेंब पडू नये. आणि कुटार परतीच्या पावसात भिजलेलं होतं का?

कापाकापी नको. बेड खोलीत उघडलात की हिरवी भुकटी उडून उरलेल्यांचंही वाटोळं. पिशवीसकट बाहेर न्या, लांब खड्ड्यात पुरा. हरभऱ्यात तर नाहीच. पेनिसिलियम, अस्परजिलस या दुसऱ्या बुरश्याही हिरव्याच दिसतात, नुसत्या डोळ्यांना काय कळणार? पुढच्या वेळी कुटार बाजेवर निथळा.

धागाकर्ता:
कुटार भिजलेलंच होतं, वाळवून वापरलं. एक खराब बेड शेताच्या बांधावर नेऊन तळाचं दाबून बघितलं. थेंब कसले, धारच लागली. बाकीचे २१ उद्या पुरतो. उरलेल्या १८ बेडांना खाली भोकं पाडून पाणी काढू, की आत्ता हातच लावू नको?