भारद्वाज म्हणायचं की कुकुडकोंबा?

रानवेडी: आमच्या बिल्डिंगमागच्या झुडपात रोज सकाळी भारद्वाज येतो, काळं अंग, विटकरी पंख, लालभडक डोळे. शेजारच्या काकू त्याला कुंभार कावळा म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की हे नाव सोडून द्यावं. तो कावळा नाहीच, कोकिळेच्या कुळातला आहे. कावळा म्हटलं की पोरं दगड भिरकावतात, भारद्वाज म्हटलं की शुभ दर्शन झालं म्हणून थांबून बघतात.

देवगडचा: ताई, नाही पटलं. आमच्याकडे कुकुडकोंबाच, आणि ते त्याच्या आवाजावरूनच पडलंय असं मला वाटतं, कुक् कुक् कुक् असा घुमतो ना झाडोऱ्यातनं, पक्षी दिसायच्या आधी नाव कानावर येतं. भारद्वाज तर ऋषींचं नाव, त्याचा या पाखराशी संबंध काय?

रानवेडी: आहे ना संबंध. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः' (व्याघ्राट म्हणजेच भरद्वाज) असं पक्ष्यांच्या नावांतच येतं.

पोथीवाला: येतं, पण तो हाच पक्षी कशावरून? मोनिअर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात भरद्वाज म्हणजे चंडोल दिलाय. चंडोल आभाळात चढत जाऊन गातो आणि आपला हा बहुतेक वेळ जमिनीवर, पाचोळ्यात किडे, गोगलगायी, सरडे, दुसऱ्यांची अंडी शोधत चालत असतो. संस्कृत आहे म्हणजे नेमकंच असेल असं नाही.

रानवेडी: तेव्हा चंडोल असेलही, पण आज मराठीत भारद्वाज म्हटल्यावर चंडोल कुणाच्या डोळ्यापुढे येतो? नाव वापराने ठरतं.

देवगडचा: मग वापरानेच ठरत असेल तर कुकुडकोंबाही तितकाच खरा की! आणि गैरसमजाचं म्हणाल तर कोकिळेच्या कुळातला म्हटल्यावरही होतोच, लोकांना वाटतं हाही दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालत असणार. हा स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, दाट झुडपात काड्यापानांचं मोठं घुमटासारखं, आणि नर-मादी दोघं मिळून पिल्लं वाढवतात. शास्त्रीय नावात सायनेन्सिस आहे म्हणजे चीनचा, ते चालतं, मग आमच्या आज्यांनी ठेवलेलं नाव का खटकावं?

पोथीवाला: पक्षीनोंदी करणाऱ्यांनी गावातलं नावसुद्धा लिहून ठेवावं, सोनकावळा असो की काही असो. म्हातारी माणसं गेली की विचारणार कुणाला?

रानवेडी: कुकुडकोंबा मान्य आहे दादा, मीही लिहीन. पण कावळा जोडलेली दोन्ही नावं पोरांना शिकवू नयेत, यावर मी ठाम आहे.