'द ऑफर': मालिकेत न मावलेलं हातकाम

'द ऑफर' (2022, दहा भाग) ही 'द गॉडफादर' हा चित्रपट बनताना झालेल्या रस्सीखेचीची मालिका. कथा निर्माते आल्बर्ट रडी यांच्या बाजूची, त्यामुळे केबिनमधली भांडणं भरपूर, सेटवरचं काम कमी. सेटवरचं ते काम इथे खात्याखात्याने देतोय; जाणकारांनी आपापल्या खात्याची भर घालावी.

कॅमेरा-लाइट
छायालेखक गॉर्डन विलिस आणि दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचं वाजलं, त्यात स्वभावाइतकाच दिव्यांचाही हात. डॉनची भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडोचा मेकअप लपावा म्हणून प्रकाश डोक्यावरून सोडलेला. डोळ्यांच्या खोबणीत सावली. फिल्म 100 एएसएची (म्हणजे प्रकाश भरपूर मागणारी), तीही मुद्दाम कमी एक्स्पोज केलेली. नट मार्कवरून (उभं राहायच्या ठरलेल्या खुणेवरून) वीतभर सरकला की चेहरा अंधारात. कोपोलाला नट मोकळे हवे होते. दोघंही बरोबर, म्हणून तर मिटेना! निगेटिव्ह अशी पातळ (कमी एक्स्पोज केलेली) ठेवण्यात एक मेख: लॅबला प्रिंट उजळायला वावच राहत नाही. उजळली की काळ्याचा राखाडी होतो.

रंगभूषा
गालात बोळे कोंबणं चाचणीपुरतंच. भिजले की आकार सोडतात, मग कंटिन्युइटी (एका शॉटमधला चेहरा पुढच्या शॉटशी जुळणं) गेली. शूटिंगला दंतवैद्याकडून खालच्या दातांवर बसणारी पट्टी करून घेतली होती. ब्रँडो तेव्हा 47 वर्षांचा. सुरकुत्यांसाठी रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी लेटेक्स (पातळ रबर) वापरलं. कातडी ताणून धरायची, पातळ थर द्यायचा, ताणलेलीच सुकवायची, पावडर मारायची, मगच सोडायची. पावडर मारायची राहून गेली तर थर एकमेकांना चिकटून बसतो.

निर्मिती
'माफिया' शब्द गाळायची अट रडींनी झटकन मान्य केली, कारण पटकथेत तो मुळात तुरळकच होता. स्वस्तातला सौदा. ती अट घालणाऱ्या इटालियन-अमेरिकनांच्या संघटनेचा म्होरक्या जो कोलंबो याच्यावर 28 जून 1971ला गोळीबार झाला.

इफेक्ट्स
टोलनाक्यावर सनीला गोळ्या घालतात त्या प्रसंगात जेम्स कानच्या सुटात शंभराहून जास्त स्क्विब (गोळी लागल्याचा भास देणारे छोटे स्फोटक). स्क्विबची रचना साधी: अंगाकडे धातूची चकती, वर चिमूटभर स्फोटक, त्यावर रक्ताची पिशवी. कापड आतून आधी खरवडून ठेवायचं, नाहीतर भोक न पडता नुसता फुगा येतो. गाडीच्या पत्र्यालाही भोकं आधीच पाडून ठेवली होती. दुसरा टेक म्हणजे नवा सूट, नवं वायरिंग, अर्धा दिवस पाण्यात.

दिग्दर्शन विभाग
कोपोलाची वही बघाच. मारिओ पुझोच्या मूळ कादंबरीची पानं सुटी करून मोठ्या कागदात कापलेल्या खिडकीत चिकटवलेली; दोन्ही बाजू वाचता येतात, भोवती लिहायला ऐसपैस समास. प्रसंगागणिक पाच नोंदी: सारांश, काळ, दृश्य आणि सूर, गाभा, धोके. शेवटचा रकाना सहायकांनी बेलाशक चोरावा.