कावळा शिवला का? तुमचे अनुभव लिहा

केतकीचं_बन:
आज सकाळी शेजारच्या आजोबांच्या दहाव्याला ओंकारेश्वरावर जाऊन आले. कावळा काही शिवेना. मुलगा हात जोडून सांगतोय, नातीचं लग्न नीट करू, आईला अंतर देणार नाही. मागून कुणीतरी कुजबुजलं, "फ्लॅटचं बोला, फ्लॅटचं!" हसू दाबता दाबता पुरेवाट.

घरी आल्यापासून मात्र आईचाच दहावा डोक्यात आहे. पिंड ठेवून गुरुजी मागे सरले नाहीत तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, सुटली बिचारी, इच्छा राहिली नव्हती काही. मी मान डोलावली, पण आतून चिडले होते. दहावीची परीक्षा तोंडावर होती माझी. कुरडयांसाठी तिनं भिजत घातलेला गहू तसाच आंबून गेला, तो आत्यानं ओतून दिला. आणि हिचं म्हणे कशातच अडकलं नव्हतं!

तुमच्याकडे काय झालं होतं? हसण्यासारखं असलं तरी लिहा.

भटकभवानी:
आमच्या अण्णांना (आजोबा) तासभर आळवलं. वचनं संपली, काकांनी तपकिरीची डबीसुद्धा पिंडाशेजारी ठेवली. नाहीच. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. घरी येतो तर कंपाउंडवर कावळा हजर. आजी त्याला म्हणते, "आता कशाला आलात?"

निमूट:
नाशिकला रामकुंडावर बघा. सकाळपासून पिंडच पिंड, कावळ्यांची पोटं भरलेली. इच्छाबिच्छा काही नसतं हो.

केतकीचं_बन:
माहितीये. तरी तिथे उभं राहिलं की बघतोच ना आपण वर.

सुगरणीचा_खोपा:
केतकी, चिडणं अगदी कळलं. नवऱ्याच्या वेळेस अस्संच. होमलोन निम्मंही फिटलं नव्हतं आणि हा मोकळा! अजून हप्ता कापल्याचा मेसेज आला की त्याला दोन शिव्या घालते. बरं वाटतं.

भटकभवानी:
सुगरण 🫂

अर्धाकप:
एप्रिल 2021. बाबा गेले तेव्हा आम्ही दोघे भाऊ पॉझिटिव्ह, घरातच बंद. दहावा गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर केला. ऐन वेळी नेट अडकलं, पडद्यावर नुसता भाताचा पिंड आणि गुरुजींचं अर्धं कोपर. परत लागलं तर "शिवला, शिवला". कावळा आम्ही पाहिलाच नाही. भाऊ म्हणतो गुरुजींनी गुंडाळलं. मी त्या विषयात पडत नाही.

पोह्यांवर_खोबरं:
विषयांतर, पण कुरडयांचा गहू तीनच दिवस भिजवायचा ना? रोज पाणी बदलून?

सुगरणीचा_खोपा:
हो, तीन. चौथ्या दिवशी वाटायचा. पाकृ विभागात विचार गं, इथे काय!

नाव_नको:
आईचं देहदान होतं. तिची इच्छा, फॉर्म तिनेच भरलेला. दहावा नाही, कावळा नाही. मामा विचारत राहिला, मग कळणार कसं? काय कळणार, असं विचारलं की गप्प. तिच्या निर्णयाचा अभिमान आहेच. पण मेडिकल कॉलेजात सह्या केल्या, रिक्षा पकडली, घरी येऊन कुकर लावला. चारचौघांत रडायला ती घाटावरची वेळ असते, ती काही आम्हाला मिळाली नाही. पुढे कधीतरी बँकेत तिचं खातं बंद करताना रडले. काउंटरवरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

अर्धाकप:
खातं बंद करणं वाईटच. पासबुकातलं त्यांचं अक्षर.

कांगारूंच्या_देशा:
मेलबर्न. सासूबाईंच्या तिथीला अंगणात पान ठेवलं. कावळा कुठला, मॅगपाय आली. नवरा म्हणे, काळी-पांढरी आहे, चालेल का? म्हटलं, आईंना कुठे सगळं नियमातलं आवडायचं? वडा घेऊन गेली, खिरीकडे ढुंकून पाहिलं नाही.

निमूट:
मॅगपाय डोक्यावर झडप घालतात ना?

कांगारूंच्या_देशा:
घालतात की! घरट्याच्या दिवसांत, इकडच्या वसंतात. म्हणजे नेमक्या पितृपक्षात 😄 नवऱ्यानं सायकलचं हेल्मेट घालूनच पान ठेवलं होतं.