बीटचा ज्यूस आणि बीपी: ब्लॅक लोकांना खरंच वेगळं लागू पडतं का?

अटलांटावाली:
ऑफिसात माझ्या शेजारी एक आफ्रिकन अमेरिकन बाई बसतात, पन्नाशीच्या, बीपीच्या दोन गोळ्या चालू. महिनाभर झाला रोज बीटचा ज्यूस पितायत, पांढरा मग आतून गुलाबी झालाय पार. म्हणतात आमच्या लोकांच्या नसांमध्ये नायट्रिक ऑक्साइड मुळातच कमी, बीटातलं नायट्रेट ते भरून काढतं. खरंय का हे? की व्हॉट्सॅप ज्ञान?

फार्माकाका:
ताई, अगदीच थाप नाही. नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि त्याचं पुढे नायट्रिक ऑक्साइड, त्याने नस सैल पडते. हा वायू नसांमध्ये काय काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालंय. २०१५ साली लंडनमध्ये बीपीच्या पेशंटना रोज २५० मिली ज्यूस ४ आठवडे दिला तर बीपीचा वरचा आकडा साधारण ८ ने उतरला. आणि २००५ मध्ये अमेरिकेत बायडिल नावाचं हार्ट फेल्युअरचं औषध खास ब्लॅक पेशंटसाठी म्हणून मंजूर झालं, तेही याच नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेवरचं, त्यावर वाद मात्र चिक्कार झाला.

उगाच_एक:
काका बाकी ठीक पण ते "मुळातच" मला नाही पटत. १९९७ चा अभ्यास आहे, पश्चिम आफ्रिकेत बीपी कमी, कॅरिबियनमध्ये जास्त, अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांत सगळ्यात जास्त, म्हणजे पूर्वज त्याच भागातले आणि आकडे बघा. मीठ, वजन, तळकट खाणं, वस्तीत ताजी भाजी न मिळणं, वर रोजचा वर्णद्वेष, हे सगळं नसांवरच निघतं ना? सगळं रक्तावर ढकललं की बाकीचे सुटले.

मेथीची जुडी:
फक्त बीटच कशाला, पालक, मुळा, त्यांच्याकडचं कोलार्ड ग्रीन्स (कोबीच्या जातीची पालेभाजी), सगळ्यात नायट्रेट असतं. उकडलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच उतरतं ते. किडनी स्टोन असेल तर बीट-पालक जपून. गोळ्या बंद करू नका म्हणावं. आणि माऊथवॉश वापरत असतील तर ज्यूस बराचसा वाया, नायट्रेटचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया जिभेवरच असतात, तेच मरतात.

अटलांटावाली:
अगं बाई!! त्यांच्या ड्रॉवरमध्ये निळी बाटली आहे माऊथवॉशची, ज्यूस प्यायल्यावर दात लाल दिसतात म्हणून लगेच खळखळून चूळ भरतात. आता उद्या कसं सांगू बाई त्यांना